हट्टी अल्सरेटिव्ह कोलायटिस : संयुक्त औषधोपचाराची दिशा

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातून आमच्याकडे येणारे काही रुग्ण रक्तमिश्रित जुलाब, मुरडा व अशक्तपणा हा त्रास ‘जुनी आव’ अथवा ‘मूळव्याध’ समजून दीर्घकाळ अंगावर काढतात. त्यामागे अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडण्याचा विकार असू शकतो. शरीराची प्रतिकारयंत्रणाच येथे स्वतःच्या आतड्यावर उलटते. दिवसातून आठ-दहा वेळा शौचास जावे लागणाऱ्या माणसास मुंबईपर्यंतचा लोकलप्रवास अशक्य होतो आणि रोजगार धोक्यात येतो.

उपचाराचा पाया मेसालामिन हे औषध होय. गोळ्यांच्या जोडीस त्याचाच एनिमा घेतल्यास नुसत्या गोळ्यांपेक्षा अधिक गुण येतो; संकोचापोटी तो टाळू नये. त्यानेही आजार न आवरल्यास स्टिरॉइड दिले जाते. त्याने सूज लवकर उतरते. परंतु ते दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होणे, मधुमेह जडणे असे धोके संभवतात.

अशा वेळी भिन्न कार्य करणारी दोन औषधे एकत्र योजली जातात. इन्फ्लिक्सिमॅब हे शिरेतून दिले जाणारे औषध सूज वाढविणाऱ्या प्रथिनास रोखते. मात्र शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करून ते निष्प्रभ करू शकते. ॲझाथायोप्रिन ही प्रतिपिंडे कमी करते व स्वतःही सूज आवरते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १६ आठवड्यांनंतर स्टिरॉइडविना आजार शमल्याचे प्रमाण दोन्ही औषधे घेणाऱ्यांत सुमारे ४० टक्के, तर एकच औषध घेणाऱ्यांत २२ ते २४ टक्के होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुसेलकुमॅब व गोलिमुमॅब ही दोन जैविक औषधे एकत्र दिली असता १२ आठवड्यांत ८३ टक्के रुग्णांना गुण आला. तथापि असा दुहेरी जैविक उपचार अद्याप सर्वांसाठी नित्याचा झालेला नाही.

दुहेरी औषधांसोबत जोखीमही वाढते. आपल्याकडे सुप्त क्षयरोग पुष्कळांत असतो व इन्फ्लिक्सिमॅबमुळे तो उफाळू शकतो. म्हणून छातीचा एक्स-रे, क्षयाची व काविळीच्या विषाणूंची तपासणी आधी करावी लागते. काही भारतीयांत आनुवंशिक कारणाने ॲझाथायोप्रिनमुळे पांढऱ्या रक्तपेशी झपाट्याने घटतात. त्यामुळे आरंभी रक्ततपासणी वरचेवर आवश्यक असते. एवढे करूनही काहींना शस्त्रक्रिया करावी लागते. योग्य वेळी केलेली ती शस्त्रक्रिया प्राण वाचविते.

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची विनंती आहे, की बरे वाटताच औषध परस्पर बंद करू नये आणि ताप आल्यास त्वरित कळवावे. दात्यांनीही ध्यानी घ्यावे, की औषधाच्या एका कुपीची किंमत भरून हा उपचार पुरा होत नाही. त्यामागील तपासण्या व वर्षानुवर्षांची देखरेख यांचाही भार उचलावा लागतो. आपल्या सहकार्याचे खरे मोल तेथेच आहे.