३०० मिलिसेकंद कुणाचे?

तिकीट काढताना वडील गावाचं नाव टाइप करतात, खाली गावांची यादी येते, ते बोट टेकवायला जातात आणि नेमकी तेव्हाच यादी हलून भलतंच गाव निवडलं जातं. ही त्यांची चूक नाही, एवढं मला कळत होतं. म्हणून हिंजवडीतल्या एका ओळखीच्या प्रोग्रामरशेजारी जाऊन बसले.

तिनं इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘कोल्हापूर’ टाइप केलं. हलन्त, काना, मात्रा धरून कळा ९ आणि सर्व्हरकडे विनंत्याही ९. नुसत्या ‘क’चं उत्तर कुणालाच नको होतं, तरी सर्व्हर ते शोधत बसला. मग तिनं आरएक्सजेएस या जावास्क्रिप्ट लायब्ररीमधलं डिबाउन्सटाइम लावलं, कंसात ३००. शेवटच्या कळीनंतर ३०० मिलिसेकंद काहीच आलं नाही, तरच पुढे जायचं. या वेळी विनंती गेली एकच.

“तीनशे सगळेच लावतात,” ती म्हणाली.

मी कीबोर्ड घेतला आणि वडिलांसारखं एका बोटानं, जोडाक्षर शोधत टाइप केलं. पुन्हा ९! वर ‘को’चं रेंगाळलेलं उत्तर ‘कोल्हा’नंतर पोचलं आणि यादी उलटी फिरली. त्यावर स्विचमॅप आहे: नवी विनंती निघाली की जुनीचं उत्तर सोडून द्यायचं. तिनं ते लगेच लावलं.

काय टाकून दिलेलं चालेल, हे ठरवणं हेच यातलं खरं काम. नकाशावरच्या बसची जागा दर १०० मिलिसेकंदांनी येत असेल, तर ३००च्या डिबाउन्सला शांतता कधी मिळतच नाही. बस जागची हलत नाही. थ्रॉटलटाइम एरवी पहिली नोंद पुढे पाठवतं आणि ठरलेला वेळ बाकीच्या गाळतं, त्यात बस थांबली ती शेवटची जागाच हरवू शकते. तिथे त्या अवधीतली शेवटची नोंद देणारं ऑडिटटाइम बरं. पैसे भरायच्या बटणावर मात्र पहिलाच दाब धरायचा.

पण ३०० हा आकडा सरावलेल्या बोटांचा आहे, आणि तो सगळ्यांना लावणं मला अन्यायाचं वाटतं. तिनं ७०० करून पाहिले. माझ्या विनंत्या कमी झाल्या, पण तिच्या वेगाला यादी रेंगाळायला लागली. शेवटी ३०० तसेच राहिले. बोट यादीवर टेकलेलं असेपर्यंत नवी उत्तरं अडवून धरायची, असं तिनं ठरवलं आणि माझ्यासमोरच ते लिहायला घेतलं.