आधी बैठक, मग स्टेअरिंग

इंजिनिअरिंगची मुलं फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांसाठी जी छोटी एकआसनी गाडी बांधतात, तिचं स्टेअरिंग झटक्यात काढता आलं पाहिजे, असा नियमच आहे. कॉकपिट इतकं अरुंद असतं की चाक जागेवर असताना मांड्या बाहेर निघत नाहीत. कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी जाणाऱ्या संघांच्या चालकांना पट्टे बांधून, हेल्मेट-हातमोजे घालून बसलेल्या स्थितीतून 5 सेकंदांत बाहेर पडून दाखवावं लागतं. पट्टे सोडणं आणि चाक काढणं, दोन्ही त्यातच आलं.

यासाठी लागणाऱ्या क्विक रिलीजचे दोन भाग असतात. एक स्टेअरिंग कॉलमच्या टोकाला कायमचा बसतो. त्यावर लांबीच्या दिशेने दाते, म्हणजे स्प्लाइन असतात. दुसरा चाकाच्या मागे बोल्टांनी आवळतात. या दुसऱ्या भागात पोलादी गोळ्या असतात आणि त्यांच्याभोवती स्प्रिंगची कॉलर. कॉलर ओढली की गोळ्यांना बाहेर सरकायला जागा मिळते आणि चाक सुटतं. सोडली की गोळ्या पहिल्या भागावरच्या खाचेत दाबल्या जातात. वळवण्याचा जोर दाते घेतात, गोळ्या फक्त चाक निसटू देत नाहीत. म्हणून चाक डावी-उजवीकडे सैल लागलं तर आधी दाते तपासावेत, पुढे-मागे हललं तर गोळ्या आणि खाच. नियमाप्रमाणे चाकावर मोजलेला एकूण प्ले, म्हणजे सैलपणा, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त चालत नाही आणि त्यात स्टेअरिंग रॅक, जॉइंट सगळ्यांचा वाटा असतो. क्विक रिलीजवर पैसे वाचवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

बहुतेक संघ घाई करतात ती इथे: कॉलम कापून वेल्ड करतात आणि चालकाला नंतर बसवतात. क्विक रिलीज चाकाला काही सेंटिमीटर छातीकडे आणतो, त्यामुळे कॉलमची लांबी शेवटी ठरवायची.

आधी सीट. जाड प्लास्टिकच्या पिशवीत दोन घटकांचा फोम ओतून चालकाला त्यावर बसवतात; फोम फुगत पाठीच्या आकाराला भरतो. एकदम सगळा ओतू नये, तो बराच तापतो. थोडा-थोडा, दोन-तीन वेळा ओतावा आणि शेडची दारं उघडी ठेवावीत. चालकाने कंबर पार मागे टेकवून, हात-पाय खऱ्या चालवण्याच्या स्थितीत ठेवून फोम घट्ट होईपर्यंत हलायचं नाही.

मग पेडल. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे. पाय सरळ झाला तर जोर लावायला कंबर सरकते आणि बैठकच मोडते.

आता चाक. पट्टे आवळून, खांदे सीटला टेकलेले ठेवून हात पुढे केला की मनगट चाकाच्या वरच्या कडेवर सहज पोहोचावं. घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरल्यावर कोपर स्पष्ट वाकलेलं असावं. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघावं. बोटं मांडीला किंवा कोपर चौकटीला घासता कामा नये. हे सगळं क्विक रिलीज चाकाला लावून, चाक लाकडी ठोकळ्यांवर टेकवून करायचं. ते पटलं की तिथेच खूण करून कॉलम कापायचा.

वेल्डिंगच्या आधी रॅक मधोमध आणि पुढची चाकं सरळ हवीत. कॉलरचा भाग काढून दूर ठेवावा, उष्णतेने स्प्रिंग मऊ पडते. समोरासमोर टॅक मारून, कॉलम फिरवून, डगमग नाही ना ते पाहून मगच पूर्ण वेल्ड करावं. चाकाचे बोल्ट बहुधा 70 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सहा असतात. नार्डी कंपनीच्या चाकांचं वर्तुळ 74 मिलिमीटरचं असतं, तेव्हा खरेदीआधी मोजावं.

रस्त्यावरच्या गाडीत मात्र हा उद्योग करू नये. तिथे चाकात एअरबॅग असते, आणि ती काढून बसवलेलं कुठलंही चाक अपघातात तिची जागा घेऊ शकत नाही.

ट्रॅकवर निघण्याआधी दर वेळी चाक क्लिक होईपर्यंत दाबायचं, मग दोन्ही हातांनी ओढून आणि पिळून पाहायचं. आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्टच्या नियमांत क्विक रिलीजची ओढायची कडी पिवळीच असावी लागते. चालक बेशुद्ध असला तर गाडी कधीही न पाहिलेल्या मार्शललाही ती तत्क्षणी सापडते.