कृषी सहायक : बांधावरचा सरकारी माणूस

मे महिना सरत आला की धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात एक साधा प्रयोग केला जातो. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावयाचे, गुंडाळी करून ती सावलीत ओलसर ठेवावयाची आणि काही दिवसांनी कोंब मोजावयाचे. ७० दाणे उगवले, तर एकरी सुमारे ३० किलो बियाणे पुरते. त्याहून कमी उगवल्यास प्रमाण वाढवावे लागते, फारच कमी असल्यास ते बियाणे पेरूच नये. शेतकऱ्यास हे करून दाखविणारी व्यक्ती म्हणजे कृषी सहायक. २०२५ मध्ये शासनाने या पदास 'सहायक कृषी अधिकारी' असे नाव दिले.

प्रयोग क्षुल्लक वाटेल. परंतु २०२० च्या खरिपात मराठवाड्यात अनेक ठिकाणी विकतचे सोयाबीन उगवलेच नाही आणि शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. अशा वेळी बियाण्याची कंपनी दूर असते. जाब विचारला जातो तो नेहमी गावात येणाऱ्या माणसाला, मग दोष त्याचा असो वा नसो.

या सेवेची मुळे २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमात आहेत. त्या काळच्या ग्रामसेवकाकडे शेतीसह गावाची बहुतेक सर्व कामे असत. पुढे 'प्रशिक्षण व भेट' पद्धती आली. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावी जाऊन निवडक शेतकऱ्यांशी बोलणे, हे तिचे सूत्र होते. १९९८ मध्ये महाराष्ट्रात मृद्संधारण, फलोत्पादन व विस्तार ही कामे एका छत्राखाली आली. तेव्हापासून सल्ला देणारा माणूसच बांधबंदिस्तीची मापे आणि अनुदानाचे प्रस्तावही पाहू लागला.

कृषी पदविका किंवा पदवी घेऊन तरुण या नोकरीत येतो. त्याच्याकडे काही गावांची 'सजा' असते. पर्यवेक्षक आणि पुढे मंडळ कृषी अधिकारी या त्याच्या वरच्या पायऱ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठातील आणि तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रातील शिफारशी, उदाहरणार्थ रुंद वरंबा सरीवरील पेरणी, त्याने बांधापर्यंत पोहोचवावयाच्या असतात. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग कागद आणि ऑनलाइन नोंदी खातात, ही या सेवेची खरी व्यथा होय.

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने परंडा, भूम भागांत उभी पिके पाण्याखाली गेली. पंचनामा करावयाचा तो महसूल आणि ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांसह कृषी सहायकाने. नुकसान ३३ टक्के वा अधिक असेल तरच मदत मिळते. त्यामुळे मे महिन्यात कोंब मोजणारा हात पावसाळा संपताना नुकसान मोजतो. शेजाऱ्याचे पीक रेषेच्या वर आणि आपले खाली ठरले, तर पुढच्या मोसमात त्या घरी त्याचा सल्ला कोण ऐकणार?

आणखी एक उणीव होती. शेतात राबणाऱ्या बहुतेक स्त्रियांचे नाव सातबाऱ्यावर नसते, म्हणून शेतीचा सल्ला त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा, लोहारा परिसरातील पुनर्बांधणीत प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावातील स्त्रियांनाच संवादाचे काम दिले. पुढे त्यातून 'एक एकर शेती' उभी राहिली. स्त्रीने कुटुंबाकडून एक एकर वा त्याहूनही लहान तुकडा मागून घ्यावयाचा आणि त्यात ज्वारी, डाळी, भाजीपाला अशी घरात खाल्ली जाणारी पिके घ्यावयाची. या कार्यास २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. येथे सल्ला देणारी बाई त्याच परिसरातील शेतकरी असते, आणि तिने सांगितलेले पीक तिच्या स्वतःच्या रानात जाऊन पाहता येते.