सोमनाथ : तिजोरी आणि देवालय

देवालयाच्या उभारणीवरून वाद उत्पन्न झाला म्हणजे तो श्रद्धेचा असावा, असा सर्वसाधारण समज असतो. सोमनाथच्या पुनर्निर्माणाविषयी १९४७ ते १९५१ या काळात दिल्लीतील थोर पुढाऱ्यांची जी निवेदने झाली, त्यांचा विषय मात्र निराळा होता. मंदिर कोणाच्या पैशाने व कोणाच्या नावाने उभे राहावे, हा तो विषय होय.

९ नोव्हेंबर १९४७ रोजी जुनागडचा कारभार हिंदुस्थान सरकारने हाती घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरदार पटेल प्रभासपाटण येथील भग्न देवालयापाशी गेले. सरकारी बांधकामाचे खाते सांभाळणारे काकासाहेब गाडगीळ त्यांच्यासमवेत होते. मंदिर पुन्हा उभारण्याचा संकल्प जाहीर झाला. हे काम सरकारनेच आपल्या खर्चाने करावे, असा आरंभीचा विचार होता.

तो विचार पालटला गांधीजींमुळे. सरकार सर्वांचे आहे, तेव्हा एका धर्माच्या मंदिराकरिता त्याने पैसा खर्च करणे योग्य नव्हे. लोकांनी वर्गणी करावी, असे त्यांचे म्हणणे. सरदारांनी ते मान्य केले, आणि २८ नोव्हेंबर १९४७ च्या प्रार्थनासभेत गांधीजींनी ही हकीकत लोकांस सांगितली. पुढे विश्वस्त मंडळ स्थापन झाले व कन्हैयालाल मुनशी यांनी त्या कार्याचा भार वाहिला.

१५ डिसेंबर १९५० रोजी सरदार निवर्तले. प्राणप्रतिष्ठेचा दिवस जवळ आला, तेव्हा पंडित नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना लिहून कळविले की, या समारंभाशी भारत सरकारचा संबंध नाही. सौराष्ट्र सरकारने त्याकरिता पाच लाख रुपये देऊ केले, तेही त्यांना रुचले नाही. उलट मुनशींनी त्यांना मूळच्या सरकारी निर्णयाचे स्मरण करून दिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मंदिराचा खर्च लोकांनीच सोसावा, हे तत्त्व सरदारांनी आधीच मान्य केले होते. प्रश्न उरला तो पदाचा. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी जाऊ नये, अशी नेहरूंची इच्छा होती. मशिदीचे अथवा चर्चचे आमंत्रण असते तरीही आपण गेलो असतो, अशी राजेंद्रबाबूंची भूमिका होती. ११ मे १९५१ रोजी ते गेले. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी त्या विधीचे पौरोहित्य केले.

तिजोरीला कुलूप घालता येते. पैसा कोणाचा, हे वहीत पाहून सांगता येते. मनुष्य मात्र देवापुढे हात जोडताना आपले पद दाराबाहेर उतरवून ठेवू शकतो काय? नेहरूंचे उत्तर नकारार्थी होते, राजेंद्रबाबूंना तो प्रश्न बाधक वाटला नाही. म्हणून अशा प्रसंगी पुढाऱ्याचे शब्द बदलले, एवढ्यावरून त्यास दोष देण्याची घाई करू नये. पैसा कोणाचा, आणि वक्ता कोणत्या नात्याने बोलतो आहे, या दोन गोष्टी आधी विचाराव्या.