नावेला मोटर बसवताना

कोयनेच्या शिवसागर जलाशयात तापोळा, बामणोलीकडे नाव हेच वाहन. तेच पाणी पुढे कराडला कृष्णेत मिळते आणि सांगलीकडे जाते. दोन्हीकडे वल्हे मारून हात भरून आले, की नावेला छोटी मोटर लावण्याचा विचार मनात येतोच. मासे धरायला किंवा घरच्यांना संथ पाण्यात फिरवायला बॅटरीवरची मोटर सोयीची. आवाज नाही, धूर नाही. पण ती बसवण्यापूर्वी थोडा हिशेब करावा.

मोटर नावेच्या मागच्या फळीवर शिकंजाने आवळतात. फळी कुजलेली किंवा हलती असेल तर आधी ती बदलावी, आतून जाड लाकडाचा आधार द्यावा. पंखा पाण्याखाली वीतभर तरी बुडालेला हवा. वर राहिला तर तो नुसता पाणी उडवतो, फार खाली गेला तर गाळात किंवा झाडाच्या खोडात अडकतो. उन्हाळ्यात जलाशय उतरला म्हणजे ही काळजी अधिक. शिकंजा सैल पडला तरी मोटर तळाशी जाऊ नये म्हणून ती दोरीने नावेला बांधून ठेवावी.

बॅटरी तीस किलोच्या घरात आणि मोटर दहाएक किलो, म्हणजे नावेत बारा वर्षांचा एक मुलगा वाढला असे समजावे. चालवणारा मागे बसतो, मोटरही मागेच. म्हणून बॅटरी पुढच्या भागात, झाकणाच्या पेटीत बांधून ठेवावी. वायर लांब जाते, तेव्हा ती जाडच घ्यावी. विहिरीवरच्या मोटरीला बारीक वायर लावली तर काय होते, हे आपणास ठाऊक आहेच! बॅटरीजवळ फ्यूज हवाच. पूर्ण वेगात ५० अँपियर ओढणारी मोटर १०० अँपियर-अवरच्या बॅटरीवर कागदावर दोन तास चालेल. आपण तासाभरात काठ गाठावा. वल्हे घरी ठेवू नये.

आता मुख्य गोष्ट. मोटरीने नावेचा वेग वाढतो, भार पेलण्याची ताकद वाढत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे हलवणारी नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. नावेत जास्त माणसे होती, असे त्या वेळी सांगण्यात आले. तो प्रसंग विसरू नये. बॅटरीवरची छोटी मोटर चालत्या माणसापेक्षा फार पुढे जात नाही; पुराच्या धारेपुढे तिचा टिकाव लागणार नाही.

म्हणून मोटर बसवल्यावर पहिली फेरी काठालगत, कमरेएवढ्या पाण्यात, दोघांनीच मारावी. नंतर नेहमीपेक्षा एक माणूस कमीच घ्यावा, आणि लहानथोर प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे. तेवढे असल्याशिवाय दोर सोडू नये.