मेषमासातील कडू भाजी

निसान हा यहुदी पंचांगातील वसंताचा महिना आणि त्याची राशी मेष. ज्या धर्माने नक्षत्रपूजेचा इतका कडक निषेध केला, त्याच्याच प्रार्थनामंदिरात राशिचक्र आढळावे हे प्रथमदर्शनी विस्मयकारक वाटते. परंतु 1928 साली गिल्बोआ डोंगराच्या पायथ्याशी पाटाचे खोदकाम चालू असता बेथ आल्फा येथे सहाव्या शतकातील प्रार्थनामंदिराची जी रंगीत फरसबंदी उजेडात आली, तिच्यात सूर्यरथाभोवती बाराही राशी हिब्रू नावांनिशी रेखलेल्या आहेत. तेराव्या शतकातील स्पेनचा थोर भाष्यकार रांबान याने या मासाच्या राशीविषयी जे लिहिले ते मला अतिशय अर्थगर्भ वाटते: ज्या मासात मेषराशीचे बल पराकोटीला पोचते, नेमक्या त्याच मासात कोकरू मारून खाण्याची आज्ञा झाली, ती अशासाठी की मिसरच्या दास्यातून आपली सुटका राशीच्या सामर्थ्याने नव्हे, परमेश्वराच्या आज्ञेने झाली हे लोकांच्या ध्यानी राहावे.

निर्गमाच्या बाराव्या अध्यायात सुटकेच्या त्या रात्रीचा जो तपशील आहे, त्यात कोकराबरोबर दोन वनस्पती येतात. एजोबाची जुडी रक्तात बुडवून दाराच्या चौकटीवर लावायची, आणि भाजलेले मांस बेखमीर भाकरीसह कडू भाजीबरोबर खायचे. एजोब ही सुगंधी, हलकी वनस्पती. शलमोनाच्या ज्ञानाचे वर्णन करताना ग्रंथकाराने तिला लबानोनच्या गंधसरूच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीत उगवणाऱ्या क्षुद्र झुडुपाच्या जागी ठेवले आहे, आणि मुक्तीची खूण दारावर उमटवण्याचा मान मात्र तिलाच मिळाला.

इ. स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि यज्ञ थांबले. त्या रात्रीच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या वल्हांडण सणाच्या ताटातून कोकरू गेले, कडू भाजी राहिली. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत या विधीला चालणाऱ्या पाच वनस्पतींची नोंद असून पहिला मान लेट्यूसला आहे. लेट्यूसची कोवळी पाने गोडसर लागतात. कडूपणा येतो तो रोप जून होऊन दांडा चढल्यावर. तालमुदातील आचार्यांनी याच गुणावर बोट ठेवले: मिसरी लोकही आरंभी मृदू होते, शेवटी कठोर झाले. दास्य पहिल्या दिवशी ओळखू येत नाही, हा विचार एका पानाच्या चवीतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवणाऱ्या या लोकांच्या शिक्षणदृष्टीला माझे शतशः वंदन आहे.

पुढे यहुदी समाज उत्तरेकडे जर्मनी-पोलंडात पसरला. तेथे निसानात थंडी सरलेली नसते आणि हिरवी पाने दुर्मिळ, म्हणून हॉर्सरॅडिशचे झणझणीत मूळ ताटात आले. हाखाम झ्वी आश्केनाझी या विद्वानाने सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधीवर तक्रार केली की, या मुळाच्या तिखटपणामुळे लोक विहित प्रमाणाइतकेही खात नाहीत. तक्रार रास्त होती. पण रिवाज टिकला. माझ्या मते त्यात काही हरवलेही, कारण मुळाचा झटका जिभेला पहिल्या घासालाच बसतो आणि हळूहळू येणाऱ्या कडूपणाचा दाखला त्यात उरत नाही.

आपल्या कोकणात तेलाचे घाणे चालवणारा आणि शब्बाथ पाळून शनिवारी ते बंद ठेवणारा बेने इस्राएल हा यहुदी समाज ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाई. या समाजासाठी वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात छापली गेली. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगड्यांत आहेत. ‘सेफेर येत्सिरा’ या प्राचीन गूढग्रंथाच्या एका प्रचलित पाठाप्रमाणे निसान मासाकडे वाचाशक्ती सोपवलेली आहे, आणि पित्याने पुत्राला त्या रात्रीची हकीकत सांगावी अशी निर्गमाची स्पष्ट आज्ञा आहे. मुंबई-पुण्याच्या त्या छापखान्यांमुळे अलिबाग-पेणकडील मुलालाही ही हकीकत मायबोलीत ऐकणे शक्य झाले, आणि ताटातली भाजी कडू का, हा प्रश्न त्याला मराठीत विचारता येऊ लागला.