न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग

वारणाकाठच्या गावांत कोर्टाची तारीख नाही असे घर शोधून काढावे लागेल. त्यांतले निम्मे दावे वाटणीचे. बांधावरून भाऊ भाऊ उठतात, मुलगा बापावर फिर्याद लावतो, आणि ऊस वाळत असताना मंडळी कोल्हापूरच्या मोटारीत बसलेली असतात. अशा दाव्यांत ज्या एका माणसाने शंभर वर्षांपूर्वीच फार खोल विचार केला, त्याची ओळख आज करून द्यावयाची आहे.

काशिनाथपंत तेलंग जन्मले मुंबईस, ऑगस्ट 1850 मध्ये. मराठी शाळा, मग एल्फिन्स्टन, एम.ए., एल्‌एल.बी. हे सर्व विशीच्या आसपास आटोपले. 1872 साली ते हायकोर्टाचे अॅडव्होकेट झाले. त्या काळी हायकोर्टाच्या मूळ शाखेत विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांचा वरचष्मा. तेलंग विलायतेस गेलेच नाहीत. इथेच परीक्षा देऊन ते त्या पंक्तीला जाऊन बसले. त्यांचे बळ संस्कृतात होते. हिंदु कायद्याचा प्रश्न निघाला की इतर वकील इंग्रजी भाषांतर चाळीत. हे मूळ मिताक्षराच उघडीत. वकिली करता करता त्यांनी भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर केले, ते 1882 साली निघाले. रामायण होमरवरून उचलले असे एका जर्मन पंडिताने सुचविले, तेव्हा त्यालाही त्यांनी 1873 साली उत्तर दिले. वय अवघे तेवीस!

1884 साली गव्हर्नराने त्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलात नेमले. नेमले म्हणतो, निवडून दिले नव्हे. मतदान वगैरे काही नव्हते. त्या कौन्सिलात सभासदाला साधा प्रश्न विचारण्याचीही मुभा नव्हती, आलेल्या बिलावर काय ते बोलावयाचे. पुढच्याच वर्षी फिरोजशहा मेहता व बद्रुद्दिन तय्यबजी यांच्याबरोबर त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली, आणि त्याच 1885 सालच्या डिसेंबरात काँग्रेसची पहिली बैठक मुंबईस भरली, तिच्या उभारणीतही ते होते.

शिक्षकबंधूंनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1882 च्या हंटर कमिशनवर तेलंग सभासद होते. ह्याच कमिशनापुढे जोतिराव फुल्यांनी निवेदन देऊन कुणब्याच्या पोराला सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. कमिशनने सक्ती काही सुचविली नाही. ती आपल्या कोल्हापूर संस्थानात यावयास शाहू महाराजांचे 1917 साल उजाडावे लागले.

आता तो वाटणीचा खटला. 1889 साली तेलंग हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि त्यांच्यापुढे आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी हा दावा पूर्णपीठात आला. प्रश्न असा. बाप आपल्या वडिलांबरोबर किंवा भावांबरोबर एकत्र राहतो. त्याला वाटणी नको. मुलाला हवी. बापाच्या मर्जीविरुद्ध मुलाला कोर्टातून वाटणी मिळेल काय? इतर न्यायाधीश म्हणाले, नाही. तेलंग एकटे पडले. त्यांचे म्हणणे, मिताक्षरेप्रमाणे मुलाचा हक्क जन्माबरोबर येतो. तो बापाने दिलेला नव्हे, मग बापाची संमती कशाला? मद्रास व अलाहाबाद हायकोर्टांनी मुलाच्या बाजूचाच अर्थ धरला. मुंबईत मात्र बहुमताचा निकाल चालला. एकत्र कुटुंब मोडू नये असे तुम्हांआम्हांला वाटते, आणि ते खोटेही नाही. पण बाप जमीन पिकवीत नाही, कर्ज काढतो, आणि कर्ता पोरगा हात बांधून बसतो, अशी घरे मी पाहिली आहेत. त्या पोराची बाजू तेलंगांना दिसली, असे मला वाटते. मुलींना हा जन्माचा हक्क मिळाला तो मात्र देशभर 2005 च्या दुरुस्तीने.

असा हा हक्काचा कैवारी स्वतःच्या घरात मात्र नमला. बालविवाह वाईट, हे तो बोलत होता. पण घरच्यांच्या आग्रहापुढे आपल्या मुलीचे लग्न त्याने लहान वयातच होऊ दिले. सुधारकांनी फार टीका केली, आणि ती योग्यच होती. विरोध जिथे कमी तिथून सुधारणेला हात घालावा, असे 1886 च्या एका व्याख्यानात त्यांनी मांडले होते. पण घरात विरोध कमी कधी असतो? ज्यांना आपण थोर म्हणतो त्या रानड्यांनीही 1873 साली वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी दुसरे लग्न केले. कोर्टात एकट्याने वेगळे मत लिहिणे सोपे आणि माजघरात ‘नाही’ म्हणणे अवघड, हे ज्याच्या घरात थोरली माणसे आहेत त्याला सांगावयास नको.

1892 साली तेलंग मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या जागेवर बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. पुढच्याच वर्षी, 1 सप्टेंबर 1893 रोजी, त्रेचाळिसाव्या वर्षी ते वारले. मराठ्यांच्या बखरींवर त्यांनी एक निबंध लिहून ठेवला होता. रानड्यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर इंग्रजी पुस्तक लिहिले, ते 1900 साली छापले गेले, तेव्हा त्याच्या अखेरीस तो निबंध जोडलेला होता.